ओळ सांगणारे मामा

एकोणीसशे पासष्ट सालच्या फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, एडिनबरातल्या आमच्या मराठी मंडळीने बैठक घेतली आणि मुंबईहून गीतांची चोवीस पुस्तकं मागवायचं ठरवलं. टपालखर्च धरून अकरा पौंड चार शिलिंग मंजूर झाले. हजर होते डॉक्टर रणपिसे आणि त्यांच्या पत्नी, दोन नर्सबाया, विद्यापीठात शिकणारे तीन मुलगे, मी, माझी पत्नी विमल, आणि दोघींपैकी एका नर्सचे, म्हणजे मार्थाचे, वडील शमुवेल साळवे. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. खजिनदार मी असल्यामुळे रक्कम मी वाचून दाखवली. कुणी हरकत घेतली नाही. मामांना विचारलं तेव्हा ते हीटरला पाठ लावून उभे होते. म्हणाले, "घ्या की. पुस्तक कुठं वाईट असतं का?"

मामांबद्दल लिहायचं तर या बैठकीपासूनच सुरुवात करायला हवी. त्यांचं जे बिघडलं ते त्या पुस्तकांमुळे बिघडलं, आणि पुस्तकं मागवण्याचा निर्णय तर बरोबर होता. आजही मी त्याच बाजूने हात वर करीन.

मामा जालन्याच्या बाजूच्या एका खेड्यातले. बायको गेल्यावर मार्थाने त्यांना इकडे आणलं. आमच्या जिन्यावर, आमच्या शेजारचाच फ्लॅट तिचा. दोन्ही स्वयंपाकघरांमध्ये एकच भिंत. इथे आल्यावर मामांनी धोतर सोडलं आणि पँट धरली. पँटच्या आत पायजमा आणि पायजम्याच्या आत लोकरीची विजार. फेटा मात्र सोडला नाही. फेटा बघून बसचे कंडक्टर त्यांना महाराजा म्हणत. मामा छातीला हात लावून त्यांना "सलाम" म्हणत आणि तिकिटाचे पैसे चोख देत. थंडीवर त्यांचं एकच म्हणणं होतं: "देवानं हा मुलूख मन लावून बनवला, मुनीम. डोंगर काय, पाणी काय. फक्त चूल पेटवायची राह्यली."

मी एका विमा कचेरीत हिशेबाच्या टेबलावर होतो, म्हणून मी मुनीम. माझं नाव भास्कर आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी वापरलं नाही.

एकट्याने जेवायचं नाही, हा त्यांचा नेम. मार्थाची रात्रपाळी असली की संध्याकाळी आमच्या दारावर थाप पडायची. दारात मामा, हातात स्वतःचं ताट, ताटात मार्थाने करून ठेवलेली भाकरी आणि बटाट्याची भाजी. "बसलाव का जेवायला?" नसलो बसलो तर ते ताट झाकून थांबत. विमल आमच्यातलं काही वाढू लागली की ताटावर आडवा हात धरत. "माझं हाय माझ्याकडं. मला फक्त माणसं पायजेत."

देवाच्या बाबतीतही त्यांचं तेच होतं. एकांतात गुडघे टेकून प्रार्थना करणारा हा माणूस नव्हता. विमल पहाटे उठून अर्धा तास प्रार्थना करते हे कळल्यावर त्यांनी तिला कौतुकाने विचारलं होतं, "एकटीला येती व्हय गं प्रार्थना? मला न्हाई येत. मी एकटा बसलो की मलाच मी ऐकू येतो."

या देशाबद्दल त्यांची मोठी समजूत होती. ज्या गोऱ्या पाद्र्याने त्यांच्या आजोबांचा बाप्तिस्मा केला तो इथलाच. मामांना वाटत होतं, जिथून लोक समुद्र ओलांडून आपल्या खेड्यात आले, तिथली देवळं किती भरलेली असतील! आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. पहिल्याच रविवारी मार्था त्यांना जवळच्या एका मोठ्या देवळात घेऊन गेली. दगडी खांब, रंगीत काचा, आठशे माणसं मावतील एवढी बाकं आणि मोजून चाळीस-एक माणसं. ती चाळीसही एका बाकावर एक, अशी पांगलेली. घरी आल्यावर मामांनी फेटा उतरवून ठेवला. मग मला म्हणाले, "मुनीम, ह्या लोकांचं एकमेकांशी भांडण झालंय का?"

गावच्या देवळात मामांकडे एक काम होतं आणि ते त्यांनी तिशीपासून केलं होतं. ते ओळ सांगत. गावातल्या मंडळीत वाचता येणारी माणसं थोडी आणि पुस्तक एकच. मग गीताची एक ओळ मामा सरळ आवाजात सांगायचे, फार चालीत नाही, आणि थांबायचे. सतरंजीवर एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. सगळे ती ओळ गायचे, ज्याला जशी जमेल तशी. कुणी पुढे पळायचं, कुणी ताणायचं. सगळ्यांची गाऊन झाली की मामा पुढची ओळ सांगायचे. सगळ्यात मागे सगुणाबाई म्हणून एक पांगळी म्हातारी भिंतीला टेकून बसे. तिची ओळ नेहमी सगळ्यांच्या नंतर संपे. बाकीचं देऊळ गप्प झालेलं असे आणि ती एकटी शेवटच्या दोन शब्दांवर चालत असे. मामा तिच्यासाठी थांबत. तरणी पोरं चुळबुळ करत, पाळकसुद्धा घड्याळाकडे बघत. मामा हात वर करून म्हणत, "पोचू द्या तिला."

"आणि मग?" मी एकदा विचारलं. आम्ही आमच्या स्वयंपाकघरात जेवून बसलो होतो.

"मंग काय. ती पोचली की तो यायचा."

"कोण?"

"कोण म्हंजे? ज्याच्यासाठी गात व्हतो तो."

"म्हणजे तुम्हाला काय दिसायचं?"

"काय दिसतंय! मुनीम, घरात मोठं माणूस आलं की लेकरं आपसूक पाय जवळ घेत्यात का न्हाई? कुणी सांगत न्हाई. तसं व्हायचं देवळात. समद्यांचं एकदम." मग म्हणाले, "रोज न्हाई यायचा. पण दोन गाण्यांत कुठं तरी यायचाच."

पुस्तकं येण्याआधी आमच्या मंडळीतही असंच चाले. आम्ही एका देवळाचा मागचा हॉल रविवारी दुपारी भाड्याने घेत असू. गीतांची पुस्तकं सगळी मिळून तीन, त्यातल्या एकाची शेवटची पानं गेलेली. म्हणून मामा ओळ सांगत. मला स्वतःला भावनेची वगैरे सवय नाही. मी उपासनेला जातो, उभं राहायचं तेव्हा उभा राहतो, बसायचं तेव्हा बसतो. पण त्या हिवाळ्यातल्या एका दुपारी गाता गाता मी मान वर केली तर हॉलची वेळ केव्हाच संपून गेली होती. हॉलचा केअरटेकर दारात उभा होता. एरवी पाच मिनिटं वर झाली की हा गृहस्थ किल्ल्यांचा जुडगा वाजवू लागे. त्या दिवशी त्याची टोपी हातात होती आणि किल्ल्या खिशात होत्या. मराठीचं एक अक्षर त्याला येत नव्हतं.

मामांनी जाताना माझ्या पाठीवर थाप मारली. "बगितलंत? इथंबी येतो. मला वाटलं त्याला हा पत्ता ठाऊक नसंल."

मग मे महिन्यात पुस्तकं आली. चांगली कापडी बांधणीची. रणपिसे बाईंनी माहेरून आणलेली बाजाची पेटी बाहेर काढली. पहिल्या रविवारी मामा सवयीने पुढे जाऊन उभे राहिले तेव्हा डॉक्टर उठून त्यांच्याजवळ गेले. डॉक्टर रणपिसे हृदयरोगाचे तज्ज्ञ, सौम्य माणूस. आवाज न चढवता बोलत. "मामा, थँक यू. आजवर तुम्ही केलंत. आता सगळ्यांच्या हातात पुस्तक आहे. तुम्ही आरामात बसा आणि गा."

"बरं," मामा म्हणाले आणि बसले.

गाणं सुधारलं, हे मी लिहायलाच हवं. सगळे एका तालात, एकदम सुरू, एकदम बंद. हॉल वेळेवर रिकामा होऊ लागला. पुढच्या रविवारी पेटी सुरू झाली आणि मामांच्या तोंडून सवयीने ओळ निघून गेली. तोपर्यंत मंडळी दुसऱ्या ओळीच्या मध्यावर होती. डॉक्टरांचा धाकटा मुलगा आईला मोठ्याने म्हणाला, "मम्मी, मामा बस कंडक्टरसारखा बोलतो! नेक्स्ट स्टॉप, नेक्स्ट स्टॉप!" सगळे हसले. मामाही हसले. त्यानंतर ते उपासनेला येत, पुस्तक उघडून मांडीवर धरत, पण गात नसत.

दिवाळीच्या सुमारास, आमची ती दिवाळी नव्हे पण इथे तेव्हाच थंडी सुरू होते म्हणून लक्षात राहतं, डॉक्टर आणि मी मामांकडे चहाला बसलो होतो. डॉक्टरांनी सरळच विचारलं, "मामा, तुम्ही माझ्यावर रागावलात का?"

"न्हाई वो."

"मग गात का नाही?"

"तो येत न्हाई."

डॉक्टरांना ही भाषा नवी होती. मी थोडक्यात सांगितलं. ऐकून ते हसले, कुचेष्टेने नव्हे. "अहो मामा, देव काय पुस्तकाला घाबरतो?"

"तो कशाला घाबरतोय! तुमीच कुणी कुणाचं ऐकत न्हाई आता. पुस्तक सांगतंय, तुमी पुस्तकाला उत्तर देताव. शेजारी कोण अडखळलं, कोण मागं राह्यलं, कुणाला पत्ता?" कपातला चहा त्यांनी बशीत ओतला. "तुमचं बराबर हाय डॉक्टर. पुस्तक असताना ओळ कोण सांगंल? म्या काय म्हनत न्हाई की पुस्तकं फेका. म्या फक्त एवढंच सांगतो, की मे महिन्यापासून तो मला भेटला न्हाई."

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की डॉक्टर चहा संपवून उठले. जिन्यात मला म्हणाले, "भास्करराव, खरं सांगू? मला कधीच भेटला नाही. मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं."

त्याच हिवाळ्यात भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. विमल भांडी विसळता विसळता थांबली आणि तिने मला खूण केली. पलीकडे मामा एक ओळ सांगत होते. मग शांतता. मग पुढची ओळ. पुन्हा शांतता.

"कुणाशी बोलतायत?" विमल म्हणाली. "मार्था तर ड्यूटीवर आहे."

मी म्हटलं, पाठांतर करत असतील. पण त्या शांततांची लांबी सारखी नव्हती. काही ओळींनंतर ते थोडं थांबत, काही ओळींनंतर खूपच. पाठांतर करणारा माणूस असा थांबत नाही. समोरून कुणाचं तरी संपायची वाट बघणारा थांबतो.

दोन आठवड्यांनी मार्था आमच्याकडे आली. ती वॉर्डाची सिस्टर, भल्याभल्यांना धाकात ठेवणारी. आमच्या टेबलाशी बसून पदराचा काठ पिळत होती. "भास्करभाऊ, आमच्या वॉर्डात अशी म्हातारी माणसं येतात. मला नाव माहीत आहे या आजाराचं. पण बाबांचं बाकी सगळं ठीक आहे हो. बाजार करतात, सुटे पैसे मोजून आणतात. फक्त हे." तिने भिंतीकडे बघितलं. "काल मी मध्येच हाक मारली तर हात वर केला. पोचू दे म्हणाले. तिथे कुणी नाही, भाऊ. कुणाला पोचू दे?"

मी मामांना विचारायचं कबूल केलं. ते टाळाटाळ करतील असं वाटलं होतं. त्यांनी टाळलं नाही.

"गावचं देऊळ पडलं, मुनीम. पत्रे उचकटून नेले कुणी तरी. अर्धे लोक औरंगाबादला गेले, अर्धे मुंबईला. म्हातारे होते ते गेले. सगुणा गेली. तिच्या मागं तिचा पोरगा गेला. माझी बायको त्या बायांतच बसायची, डाव्या खांबापाशी." बोटं मोडत ते एकेकाची जागा सांगत होते. "म्या ओळ सांगतो आन मला समद्यांची उत्तरं ऐकू येत्यात. खांबाजवळचा आवाज येगळा, दारातला येगळा. सगुणा शेवटी. म्या थांबतो. ती पोचती."

मी विचारलं, "मग तो येतो?"

"न्हाई ना!" ते एकदम ओरडले. माझ्याशी त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. "समदे पोचत्यात आन तो येत न्हाई. आन कामून यावा? ती समदी मानसं आता त्याच्याच घरी हायत. त्यांना भेटायला त्यानं माझ्या स्वयंपाकघरात कशाला यावं? माझ्याजवळ जितं माणूस एकबी न्हाई."

पुढच्या वसंतात, एका रविवारी दुपारी बारानंतर, मी त्यांना फिरायला घेऊन निघालो होतो. पाऊस लागला म्हणून आम्ही एका लहानशा दगडी देवळाच्या दरवाज्यात उभे राहिलो. आत उपासना चालू होती. एका पुरुषाचा आवाज आला, एकटाच, थोडा कापरा. मग अनेक आवाज उठले. एकही दुसऱ्याच्या बरोबर नव्हता. एक पुढे, एक मागे, एक मध्येच वर चढून पुन्हा खाली उतरलेला. आणि तरी सगळे एकाच बाजूला चाललेले. मग गप्प. मग पुन्हा तो एकटा आवाज.

मामांनी माझा दंड धरला. त्यांची बोटं रुतली. "मुनीम, ही आपली मानसं हायत."

"मामा, ही गेलिक भाषा आहे. इथली जुनी भाषा. पश्चिमेकडच्या बेटांवरची माणसं असतील."

"भाषा तुमी ऐका," मामा म्हणाले आणि आत शिरले.

आत पंचवीस-तीस म्हातारी माणसं होती. काळे कोट, बायांच्या डोक्यावर टोप्या. गाताना कुणी उभं नव्हतं. आमच्या गावाकडच्यासारखे सगळे बसून गात होते. पेटी नाही, ऑर्गन नाही. व्यासपीठाखाली बसलेला एक उंच म्हातारा ओळ सांगत होता. फेटेवाला माणूस आत आला तरी एकानेही वळून बघितलं नाही.

उपासना संपल्यावर तो म्हातारा स्वतःहून आमच्याकडे आला. त्याचं नाव कॅलम. आयुष्यभर बोटी दुरुस्त केलेला माणूस, तोंडाला पेपरमिंटचा वास. मामांनी मला दुभाष्या केलं. "ह्यांना विचारा, ओळ सांगितल्यावर थांबता ते कुणासाठी?"

मी विचारलं. कॅलमने विचार केला आणि तो म्हणाला, "कुणासाठी नाही. मला दम लागतो."

मी ते मराठीत सांगितलं. मामांचा चेहरा पडला, आणि मग ते असे हसले की कॅलमही काही न कळता हसायला लागला. त्याने खिशातून पेपरमिंट काढून मामांना दिलं. मामांनी आपल्या खिशातले भाजलेले शेंगदाणे त्याच्या तळहातावर ओतले.

त्यानंतर जवळजवळ सहा वर्षं मामा दर रविवारी त्या देवळात जात. गेलिकचा एक शब्द त्यांना शेवटपर्यंत समजला नाही, पण आवाजावरून ते ओळ धरत आणि त्यांच्यात मिसळून गात. आमच्या मंडळीत यावर भरपूर विनोद झाले. "मामांनी धर्म नाही बदलला, बेट बदललं," असं विद्यार्थी म्हणत. भिंतीपलीकडचा आवाज कमी झाला. पूर्ण थांबला नाही.

एकदा मी विचारलं, "मामा, तिथे तो येतो?"

"येतो." मग खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "पण माझ्याकडं बगत न्हाई. त्यांच्यासाठी येतो तो. म्या दारातला पाव्हणा."

"मग कशाला जाता?"

"अवो, तो हाय येवढं तरी कळतं ना! म्या समजलो होतो, आपल्यामागं त्यानंबी गाव सोडलं."

बहात्तर सालच्या फेब्रुवारीत डॉक्टर रणपिश्यांची इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातल्या इस्पितळात नेमणूक झाली. जायच्या आधीच्या शनिवारी ते स्वतः जिना चढून मामांच्या दारात आले. "मामा, उद्या इथली माझी शेवटची उपासना. याल का?"

"येतो की. तुमच्यासाठी येतो."

तो कोळशाच्या खाणकामगारांच्या संपाचा महिना. वीज पाळीपाळीने जाई, आणि आमच्या भागाची पाळी त्या दिवशी होती की नव्हती यावर दोन मतं होती. दुपार कलली होती. दुसरं गीत सुरू झालं, पहिलं कडवं संपलं आणि दिवे गेले. पेटी दोन सूर पुढे गेली आणि थांबली. हॉलच्या खिडक्या उंचावर आणि बाहेरही अंधारलेलं; हातातलं पुस्तक दिसेना. माझा टॉर्च बाहेर टांगलेल्या कोटात होता, असं मला वाटत होतं. कुणी तरी खुर्चीला अडखळलं. एक लहान मूल रडायला लागलं.

डॉक्टरांचा आवाज आला. "मामा, ओळ सांगा."

मामा बोलेनात. मला वाटलं, नाही म्हणणार. मार्था माझ्या मागे होती. तिच्या हातातलं पुस्तक मिटलेलं मला ऐकू आलं. मग अंधारातून दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ आली, सरळ, सावकाश, सात वर्षांनंतर.

आमचं उत्तर विस्कटलेलं होतं. ज्यांना चाल पाठ होती ते धावले, बाकीचे मध्येच थांबले. मामा थांबून राहिले. पुढची ओळ सांगितली. तिसऱ्या ओळीला कुणाला घाई उरली नव्हती. दिसत कुणीच नव्हतं, त्यामुळे शेजारचा माणूस आवाजावरूनच ओळखायचा होता, आणि मी प्रत्येकाला ओळखत होतो: विमल, मार्था, रणपिसे बाई, मुलं. सगळ्यांचं संपल्यावरही एक आवाज उरत होता. जाड, बेसूर, एक शब्द गिळून पुन्हा मागे येऊन तो उचलणारा. इतकी वर्षं डॉक्टरांच्या जवळ उभा राहून गायलो, पण त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यांना एकही गीत पाठ नव्हतं. चाल धरता येत नव्हती. दर ओळीला ते शेवटी राहत होते, आणि दर ओळीला मामा त्यांच्यासाठी थांबत होते, म्हणून आम्ही सगळे थांबत होतो. त्यांचा मुलगा आता मोठा झाला होता. तो हसला नाही.

त्या खोलीत काय झालं ते मला येतं तेवढंच लिहितो. थंडी होती तशीच होती. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर माझा कोट होता. तो बाहेर टांगलेला नव्हताच. गाता गाता मी तो उचलून मांडीवर घेतला. टॉर्चसाठी नव्हे, टॉर्चची मला आठवणही राहिली नव्हती. ती जागा मोकळी करावी असं वाटलं, एवढंच.

गीत संपलं. मामांनी दुसरं सुरू केलं नाही आणि कुणी मागितलंही नाही. आम्ही बसून राहिलो. किती वेळ ते मी बघितलं नाही.

केअरटेकर कंदील घेऊन आला तेव्हा लोक उठले. रस्त्यावर आल्यावर मी मामांजवळ गेलो. "मामा, आला होता?"

"आला व्हता."

"तुमच्याकडे बघितलं?"

मामा हसले. "अंधारात कसं कळावं, मुनीम?"

त्यानंतर भिंतीपलीकडून ओळ सांगितलेली ऐकू आली नाही. विमल कधी कधी हातातलं काम थांबवून कान देई. मार्था म्हणायची, आता नुसते गुणगुणतात, भांडी घासताना, न थांबता. एप्रिलमध्ये छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि ते गेले. दफनाला कॅलम आला होता. पाळकांची प्रार्थना झाल्यावर त्याने कबरीपाशी आपल्या भाषेतली एक ओळ सांगितली. आम्हाला कुणालाच तिचं उत्तर देता आलं नाही. तरी तो बराच वेळ थांबला, आणि ते थांबणं दमासाठी नव्हतं.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र मामा येतात ते त्या अंधाऱ्या संध्याकाळचे. सगळे बाहेर पडले होते. रस्त्यावर एक दिवा नव्हता, वारा बोचत होता. हॉलचं दार जड, स्प्रिंगचं. सोडलं की धाडकन मिटे. मामा सगळ्यात शेवटी बाहेर आले आणि खांद्याने दार उघडं धरून उभे राहिले, हा थंडीवर इतकी वर्षं कुरकुरलेला माणूस. मी म्हटलं, "मामा, आत कुणी नाही. मीच सगळ्यांना बाहेर काढलं." त्यांनी ऐकलं नाही. मोठ्या माणसासाठी दार धरतात तसं त्यांनी ते धरलं, थोडं मागे सरकून वाट दिली, आणि मग हळूच, आवाज न करता मिटू दिलं. मफलर गुंडाळून ते मार्थाच्या हाताला धरून निघाले.

केअरटेकरने कुलूप लावलं. हॉलचं भाडं तेव्हा पंचाहत्तर पेन्स होतं आणि वर झालेल्या वेळाचे ठरलेले पंचवीस, म्हणून मी त्याला एक पौंडाची नोट दिली. त्याने ती कंदिलाशी धरून बघितली आणि खिशातून दहा पेन्स काढून माझ्या हातावर ठेवले. भाड्यात दिव्यांचे पैसे धरलेले असतात, म्हणाला. आज दिवे नव्हते, तर ते तो घेणार नाही. हिशेब त्याचा बरोबर होता. त्या दिवसाचे नव्वद पेन्स दिले, केअरटेकरला.